तटस्थ दुकानदार

एमबीएच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं चौथं प्रकरण घेऊन माझी विद्यार्थिनी आली तेव्हा कॉलेज सुटलं होतं आणि स्टाफरूममध्ये पंख्याखाली मी एकटीच होते. स्पायरल बाइंडिंग केलेला ड्राफ्ट तिने टेबलावर ठेवला, पान उघडून दिलं आणि नेहमीच्या सवयीने एक पाऊल मागे सरकून उभी राहिली. पानावर पाय चार्ट होता. कंपनीच्या वितरण धोरणाबद्दल दुकानदार किती समाधानी आहेत, याचा. 'पूर्ण समाधानी'चा हिरवा तुकडा, 'समाधानी'चा पोपटी, 'असमाधानी'चा बारीकसा नारिंगी. लाल तर शोधावा लागत होता. बाकी सगळं राखाडी. निम्म्याहून जास्त वर्तुळ राखाडी, म्हणजे तटस्थ. खाली ते ठरलेलं इंग्रजी वाक्य होतंच, जे गेली कित्येक वर्षं मी प्रत्येक चार्टखाली वाचत आले आहे: वरील आकृतीवरून असे दिसून येते की बहुसंख्य प्रतिसादक तटस्थ आहेत.

"अगं, तासगाव-पलूसचे कृषी सेवा केंद्रवाले खत कंपनीबद्दल तटस्थ?"

ती हसली. "तटस्थ कुठले मॅडम! एकाने एरिया मॅनेजरला घातलेल्या शिव्या तर तुम्हाला सांगता पण येणार नाहीत."

"मग हे राखाडी कुठून आलं?"

"ते म्हणाले, हे लिहू नको. पण मला कुठेतरी टिक करायलाच लागणार होती ना."

पोरगी घरी गेली. तिचं ते शेवटचं वाक्य मात्र माझ्या मागे लागलं. बसमध्ये, संध्याकाळी भाजी निवडताना, रात्री दूध तापवताना. कुठेतरी टिक करायलाच लागणार होती.

दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवलं आणि एकेक दुकान विचारत गेले. विषय कंपनीनेच दिलेला, डीलर सॅटिस्फॅक्शन, 'विथ स्पेशल रेफरन्स टू सांगली डिस्ट्रिक्ट'. वडिलांची जुनी स्प्लेंडर घेऊन ती तासगाव, पलूस, विटा, आष्टा अशी फिरली. आणि फिरली कधी, तर ऐन जूनमध्ये, कारण दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा संपली की लगोलग समर इंटर्नशिप लागते. ज्या कुणी हे वेळापत्रक आखलं त्याने जूनमधलं कृषी सेवा केंद्र पाहिलेलं नसणार. पहिला पाऊस होऊन गेलेला, दारात सोयाबीन बियाण्याच्या पिशव्यांची थप्पी, आत औषधांचा तो नाकात बसणारा उग्र वास, काउंटरवर रेललेली माणसं, आणि युरियासाठी एकेकाचा अंगठा त्या छोट्या मशीनवर लावून घेताना मध्येच रेंज जाते म्हणून वैतागलेला दुकानदार. त्याच्यापुढे ही, गळ्यात कॉलेजचं आयकार्ड आणि हातात चार पानी इंग्रजी प्रश्नावली. "काका, दोनच मिनिटं." काका वर न बघता म्हणाले, "समाधानी हाय म्हणून लिव्ह समदीकडं, आन जा."

ती गेली नाही, हे तिचं मला फार आवडलं. कोपऱ्यात गोण्यांवर बसून राहिली. दुपारी गर्दी ओसरली, चहा आला, अर्धा कप तिलाही मिळाला. गाव कुठलं, बाग किती, खरड छाटणी कधी घेतली, असं बोलता बोलता काकांनी उधारीची वही तिच्यापुढे टाकली. द्राक्षवाल्याची उधारी वर्षाची. माल निघाला, व्यापाऱ्याने पैसे दिले, की मग दुकानदाराला मिळणार. व्यापारी पळाला तर बागवालाही बुडाला आणि दुकानदारही. कंपनीला मात्र तिचे पैसे ठरल्या तारखेला लागतात. आणि मग निघाला लिंकिंगचा विषय. युरियाची 45 किलोची गोणी विकायची 266 रुपये 50 पैशांना, दर सरकारने ठरवलेला, सुटणार चार पैसे. पण ती गोणी दुकानात नसेल तर गिऱ्हाईक पायरी चढत नाही. म्हणून युरियाची गाडी हवीच. आणि गाडी हवी तर तिच्यासोबत कंपनी देईल ती विद्राव्य खतं, सूक्ष्म अन्नद्रव्यांचे डबे घ्यायचे. असं कुणी करू नये म्हणून दर हंगामाला सरकार बजावतं, दर हंगामाला पेपरात बातमी येते, आणि दर हंगामाला डबे येतात. काकांनी मागच्या फळीवरचा एक डबा काढून फुंकर मारली. धूळ उडाली. मुदत कधीच उलटून गेलेली. "ह्यातला एक डबा कुणी आपणहून मागून नेला आसंल तर शप्पत. आता तूच सांग, मी समाधानी का असमाधानी?" एवढं बोलून झाल्यावर त्यांना तिच्या हातातलं पेन दिसलं. "पोरी, ह्यातलं कायबी लिवायचं न्हाई हां. उद्या गाडीच बंद करत्याल."

तेव्हा तिने 'तटस्थ'वर टिक केली.

पाच घरांची ही पट्टी रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, 1932 सालची. माणसाचं मत मोजता यावं म्हणून त्याने ती बसवली आणि तेव्हापासून जगभरच्या व्यवस्थापनाच्या पोरांची तिच्यावर गुजराण चालली आहे. पट्टीला मी नावं ठेवणार नाही, वर्गात मीच ती शिकवते. पण मधल्या घरात कोण कोण येऊन बसतं याची गंमत मला त्या दिवसापासून जास्त कळायला लागली. तिथे घाईतला माणूस असतो, भ्यालेला असतो, सभ्य असतो. 'साल कसं जातंय त्यावर आहे' असं म्हणणारा असतो. 'माल चांगला, माणूस वाईट' असं म्हणणारा असतो. प्रश्नच न समजलेला तर असतोच, कारण प्रश्नावली इंग्रजीत, आणि पोरं ती उभ्या उभ्या मराठीत सांगत जातात, दर दुकानात जरा वेगळी. हे सगळे एकाच रंगात रंगतात. वर क्रोनबाखचा अल्फा काढायचा. 1951 पासूनची ही तपासणी प्रश्नावली भरवशाची आहे का ते सांगते आणि 0.7 च्या वर आकडा आला की पोरं सुटकेचा श्वास टाकतात. ज्याने वाचल्याशिवाय वरपासून खालपर्यंत एकाच घरात टिका मारत नेल्या, अशांचे फॉर्म गोळा झाले तर अल्फा झकास येतो. सगळे प्रश्न एकमेकांशी गळ्यात गळा घालून चाललेले असतात ना!

अशा सरळ रेषेतल्या टिका मला लांबूनही ओळखू येतात. काही वर्षांपूर्वी एका मुलाने कारखान्यातल्या कामगारांच्या समाधानावर प्रोजेक्ट केला होता. फॉर्मांचा गठ्ठा चाळताना जाणवलं की सगळ्या टिका एकाच हिरव्या शाईतल्या आहेत. विचारलं तर म्हणाला, "सुपरवायझर साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एका लाइनीत उभं केलं मॅडम, आणि स्वतःचं पेन दिलं. ते पेन पुढे पुढे सरकत गेलं." कामगाराने टिक मारायची, पेन मागच्याला द्यायचं, साहेब शेजारीच उभे. 'वरिष्ठांची वागणूक' या प्रश्नाला सगळे पूर्ण सहमत. मुलगा खूश होता, एका दिवसात काम उरकलं. मला त्या हिरव्या पेनाचं काय करावं ते सुचेना. निष्कर्ष म्हणून ते पेनच खरं तर सगळ्यात बोलकं होतं, पण प्रश्नावलीत त्यासाठी प्रश्न नव्हता.

माझं एमबीए नव्वदच्या दशकाअखेरीचं, पुण्यातलं. तेव्हा गूगल फॉर्म नव्हते, इंटरनेट सायबर कॅफेत तासावर मिळायचं आणि प्रोजेक्ट मिळवायचा तर एमआयडीसीच्या गेटवर उभं राहायचं. वॉचमन आधी बायोडाटा बघायचा, मग आपल्याकडे बघायचा, मग केबिनमध्ये फोन लावून वळून सांगायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. भोसरीतल्या एका पंपांच्या कारखान्यात ओळखीच्या ओळखीने मला स्टोअर्समध्ये बसायला मिळालं. विषय इन्व्हेंटरी. एबीसी अ‍ॅनालिसिस करायचं, म्हणजे ज्यांच्यावर वर्षाला सगळ्यात जास्त पैसा जातो त्या वस्तू अ गटात, मधल्या ब मध्ये, किरकोळ क मध्ये. मी रोज बिन कार्डं, म्हणजे एकेका वस्तूच्या साठ्याच्या नोंदी, उतरवून घ्यायची, आणि ग्रीसचे डाग पडलेल्या खाकी शर्टातले स्टोअरकीपर काका माझी मजा बघायचे. एके दिवशी त्यांनी मला शेवटच्या रॅककडे नेलं आणि एक रबरी ओ-रिंग तळहातावर ठेवली. किंमत काही पैसे, माझ्या तक्त्यात क गटाच्याही तळाला. "हिच्यापायी मागच्या महिन्यात दीड दिवस लाइन बंद होती. तुमच्या त्या कागदात ही कुठे बसते?" कुठेच बसत नव्हती. गाईड सरांना सांगितलं तर ते म्हणाले, इंटरेस्टिंग आहे, पण आपला टायटल मंजूर झालाय. ओ-रिंग बाहेर राहिली. आता वस्तूवाचून काम किती अडतं त्यावरून तिचा गट ठरवणारं व्हीईडी अ‍ॅनालिसिस शिकवताना दर वर्षी मी तिची गोष्ट वर्गात सांगते आणि सगळ्या तासात पोरांच्या लक्षात राहते ती तेवढीच.

ब्लॅक बुकचं, म्हणजे काळ्या बांधणीतल्या प्रोजेक्ट रिपोर्टचं, मात्र तेव्हा काय अप्रूप होतं! पेठेतल्या बाइंडरच्या बोळासारख्या दुकानात मोरचूद घातलेल्या खळीचा वास, कापणयंत्राच्या पात्याखालून पडणाऱ्या कागदाच्या रिबिनी, आणि शेगडीवर तापवलेले पितळी खिळे. काळ्या रेक्झिनवर सोनेरी फॉइल ठेवून तो दांडा दाबायचा आणि आपलं नाव उमटायचं. आडनावातलं एक अक्षर जरा वर सरकलं होतं, तरी मी ते पुस्तक घरी आईच्या हातात दिलं तेव्हा तिने आधी हात पदराला पुसले. आत काय आहे ते तिला कळणार नव्हतं, आणि आत काय नाही ते मला माहीत होतं. तरीही तो आनंद खोटा नव्हता. आजच्या पोरांना सबमिशनच्या आदल्या रात्री बाइंडिंगवाल्याकडे ताटकळताना बघते तेव्हा त्यांची दया येते, राग येतो आणि थोडा हेवाही वाटतो. पुढे ती पुस्तकं आमच्या स्टोअररूममध्ये छतापर्यंत चढतात आणि जागा संपली की रद्दीत जातात. रद्दीवाल्याला रेक्झिन नको असतं. तो दारातच बसून पुठ्ठे फाडून वेगळे करतो, सोनेरी नावांसकट.

आता गेटवरचा वॉचमन गेला आणि त्याच्या जागी ईमेलला न येणारं उत्तर आलं. ज्यांना उत्तर येतं त्यातल्या कितीकांची इंटर्नशिप म्हणजे निव्वळ विक्री असते. डीमॅट खाती उघडून द्या, विम्याच्या पॉलिसी विका, नातेवाइकांची यादी आणा. दिवसभर उन्हात टार्गेट गाठायचं आणि रात्री त्याला संशोधनाचा झगा चढवायचा. फायनान्सच्या पोरांची तऱ्हा वेगळी. कंपनीत बसून काम केलेलं असतं, पण आकडे मागितले की एकच शब्द ऐकू येतो, कॉन्फिडेन्शियल. मग वेबसाइटवरचा वार्षिक अहवाल उतरवायचा, पाच वर्षांचे रेशो काढायचे. त्यासाठी दोन महिने ऑफिसात बसायची काय गरज होती, ते घरी पंख्याखाली बसूनही झालं असतं.

गुप्ततेवरून आठवलं, दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासायला पोरं डोळे मिटून जी टी-टेस्ट लावतात तिच्या जन्माची गोष्ट याच दुखण्याची आहे. विल्यम गॉसेट हा माणूस डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला. बार्ली कुठली चांगली, हे थोड्याशा नमुन्यांवरून ठरवायचं होतं, म्हणून त्याने लहान नमुन्यांचं गणित स्वतःच बसवलं. कंपनी आपल्या माणसांना नावानिशी काही छापू द्यायची नाही. म्हणून 1908 साली त्याचा लेख 'स्टुडंट' या टोपणनावाने आला, आणि ती आजतागायत 'स्टुडंट्स टी' राहिली. वर्गात हे सांगितलं की पोरं खुलतात. त्या चाचणीतला स्टुडंट पगारी नोकर होता आणि त्यालाही स्वतःचं नाव छापायची कंपनीची परवानगी मिळाली नव्हती, याचं त्यांना भलतंच समाधान वाटतं.

गॉसेटची अख्खी चिंता नमुना लहान असण्याची होती. आमच्या पोरांची चिंता नमुना 384 नसण्याची असते. हा आकडा कुठून आला ते दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही, पण तो लिहिला की गाईड गप्प बसतो हे ठाऊक असतं. लोकसंख्या प्रचंड असेल, निवड खरोखर यादृच्छिक असेल, 95 टक्के खात्री आणि पाच टक्क्यांची चूक चालणार असेल, तर सूत्रातून 384 येतात. क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी 1970 मध्ये त्याचा तयार तक्ताच छापला. त्याच तक्त्यात लिहिलंय की एकूण माणसं शंभरच असतील तर ऐंशी पुरतात. ते कुणी वाचत नाही. मग सत्तर दुकानांच्या तालुक्यात 384 दुकानदार सापडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक फिरते, 'प्लीज भरा, दोनच मिनिटं', आणि हॉस्टेलवर तू माझा भर, मी तुझा भरतो. बावीस वर्षांचा पोरगा एका हाताने मॅगी खात वय 45 ते 55, विवाहित, उत्पन्न दहा लाखांच्या वर अशी टिक करतो आणि म्युच्युअल फंडाबद्दल प्रौढ मतं देतो. एकदा तर मलाच माझ्या विद्यार्थ्याकडून शेतकऱ्यांसाठीचा फॉर्म आला होता. मी भरला नाही. त्याने दोन वेळा आठवण केली.

आणि दुसरं प्रकरण, म्हणजे लिटरेचर रिव्ह्यू, विषयावर आधी झालेल्या संशोधनाचा आढावा. मुलाचं स्वतःचं इंग्रजी कुठे संपलं आणि उसनं कुठे सुरू झालं, हे मला पान उलटतानाच कळतं. उसनं वाक्य दोनदा इस्त्री केल्यासारखं असतं, स्वतःचं वाक्य चुरगळलेलं. गंमत अशी की नियमांचा सगळा पहारा इस्त्रीच्या वाक्यांवर असतो आणि खरी माहिती बहुतेक वेळा चुरगळलेल्यात असते. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2018 मध्ये नियम केले. दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, दहा ते चाळीसमध्ये सुधारून आणा, चाळीस ते साठमध्ये एक वर्ष थांबा, त्याच्या वर नोंदणीच रद्द. हेतू चांगलाच होता. पोरांनी लगेच शब्द बदलणारी सॉफ्टवेअरं शोधली. साम्य खाली आलं, अर्थही खाली आला. 'आर्टिफिशिअल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं मी डोळ्यांनी वाचलंय. 2022 च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि तोही घोळ मिटला. आता दुसरं प्रकरण वाहतं येतं, साम्य जवळपास शून्य, आणि संदर्भांमधला एखादा लेख शोधायला जावं तर तो पृथ्वीवर कुठेच नसतो. पोरांना एकजात कामचुकार म्हणणं मला पटत नाही. घरी कुणी पदवीपलीकडे गेलेलं नाही, बारावीपर्यंत मराठी शाळा, फीचं कर्ज डोक्यावर, प्लेसमेंटच्या मुलाखती त्याच महिन्यात, आणि एकेका गाईडच्या गळ्यात इतकी पोरं की प्रत्येकाच्या वाट्याला व्हरांड्यात चालता चालता पाच मिनिटं यावीत. अशा वेळी काळं पुस्तक वेळेत उभं करणं हीसुद्धा एक कसरतच आहे. फक्त तिला संशोधन म्हणताना माझी जीभ अडखळते.

ही पोरगी मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकली होती. तिच्याकडे इतरांकडे नसतं ते सगळं होतं. बॅगेत रेघांची एक वही होती, तिच्यात दुकानागणिक काय ऐकलं ते तारखेसह लिहिलेलं, त्या दुकानदारांच्याच बोलीत. कुणाची गाडी कशी अडली, कुणाच्या फळीवर किती डबे पडून आहेत, बँकॉकच्या सहलीची स्कीम गाठायला कुणी किती माल उचलला आणि तो कुठे सडला. वाचता वाचता माझी चहाची वेळ टळून गेली. वितरणव्यवस्थेवरचं इतकं जिवंत काही मी पुस्तकात वाचलं नव्हतं. आणि तिच्या रिपोर्टमध्ये त्यातली एक ओळ नव्हती.

"हे घालूया," मी म्हटलं. "दुकानांची नावं नको, गावं नको. फक्त काय चालतं ते."

तिने फोन पुढे केला. एरिया मॅनेजरचा मेसेज होता. 'बेटा रिपोर्ट पॉझिटिव्ह ठेव. एचआरला सर्टिफिकेटसाठी पाठवायचा आहे.' सर्टिफिकेट नसेल तर रिपोर्ट जमा होत नाही, जमा झाला नाही तर सेमिस्टर अडतं. शिवाय त्याच कंपनीत नोकरीचं बोलणं सुरू होतं. आणि तिसरी गोष्ट तिनेच सांगितली, जी माझ्या डोक्यातच आली नव्हती. "मॅडम, नाव नाही घातलं तरी कळतं. त्या पट्ट्यात फिरलेली मी एकटीच आहे. कोणी सांगितलं ते ते शोधून काढतील." एथिक्सच्या तासाला मी गोपनीयतेवर एक अख्खं युनिट घेते. माझ्या त्या स्लाइडपेक्षा ही पोरगी चार पावलं पुढे होती.

मग आम्ही दोघींनी मिळून, बरंच खोडत-लिहीत, अभ्यासाच्या मर्यादांच्या भागात दोन वाक्यं घातली. कंपनीशी असलेल्या व्यावसायिक संबंधांमुळे काही प्रतिसादकांनी मत नोंदवायचं टाळलं. त्यामुळे तटस्थ उत्तरं समाधान म्हणून वाचू नयेत. बाकी चार्ट तसाच राहिला. शेवटी शिफारशी होत्या, त्यातली पहिली, कंपनीने डीलरांशी नियमित संवाद ठेवावा. एचआरने शिक्का मारून दिला. मर्यादा कुणी वाचत नाही, हा माझा अनुभव त्या वेळी उपयोगी पडला. ते बरोबर केलं की नाही, याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही. सांगलीहून येताना वाटेत खतांच्या दुकानाची पाटी दिसली की तो वाद पुन्हा सुरू होतो.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक मर्यादा वाचणारे निघाले. बरीच वर्षं बियाण्यांच्या धंद्यात काढून मग शिकवायला लागलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. सकाळपासून टायटल, ऑब्जेक्टिव्ह, हायपोथेसिस हे ऐकून कंटाळले असावेत. तिचं पुस्तक उघडलं, मागेपुढे चाळलं आणि त्या दोन वाक्यांवर बोट ठेवलं. "हे काय आहे?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने इंग्रजीत सुरुवात केली, दोन वाक्यांत अडली, तेव्हा ते म्हणाले, "मराठीत सांग गं, मला काही प्रॉब्लेम नाही." मग ती जी सुटली ती थांबेना. कुणाचं नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही, पण उधारीची वही, धुळीचे डबे, अडलेली गाडी सगळं आलं. ते मध्ये मध्ये अडवून विचारत होते. मार्जिन किती सुटतं? परत घेतात का? क्रेडिट नोट कधी मिळते? तिला सगळं माहीत होतं.

"मग हे लिहिलं का नाहीस?"

"लिहिलंय सर. राखाडी आहे तो भाग."

त्यांनी चार्टचं पान काढलं, पाहिलं आणि मोठ्याने हसले. मग गुणपत्रिका पुढे ओढली. रकाने ठरलेले. विषयाची निवड, साहित्याचा आढावा, पद्धती, विश्लेषण, सादरीकरण. पेन थांबलं. "मॅडम, हिने आत्ता जे सांगितलं त्याचे मार्क कशात धरू?" मी म्हटलं, सादरीकरणात धरा. त्यांनी धरले.

तिला त्या कंपनीत नोकरी मिळाली नाही, त्याचं कारण कधी कळलं नाही. दुसरीकडे मिळाली, तीही शेतीच्याच औषधांची, टेरिटरी सांभाळते. यंदा जूनमध्ये तिचा फोन आला, मागे गाड्यांचे हॉर्न. "मॅडम, आमच्याकडे एक ट्रेनी आलाय. विषय काय असेल सांगा?"

"डीलर सॅटिस्फॅक्शन."

"तोच! मी त्याला म्हटलं, प्रश्नावली बॅगेत राहू दे. सकाळी दुकानात जाऊ नको, दुपारी तीननंतर जा, आणि कुणी चहा दिला तर नाही म्हणू नको."

"आणि लिंकिंगचं विचारलं त्याने तर?"

ती जरा थांबली. "मॅडम, आता टार्गेट माझंही आहे." मग लगेच म्हणाली, "पण पोरगं हुशार आहे. कालच एका दुकानातून वहीभर लिहून आलंय, आणि मला विचारत होतं की हे कुठल्या चॅप्टरमध्ये घालू. काय सांगू त्याला?"

मी म्हटलं, आधी त्याच्या गाईडचा नंबर दे.